न विचारणारं मशीन

एका गावात एक भालूअण्णा शेलार होते. मोटारी रिवाइंड करून द्यायचं आणि लग्नाकार्याला लाउडस्पीकर पुरवायचं त्यांचं दुकान होतं. पण त्यांचं नाव झालं होतं ते दुकानामुळे नाही. चिंचणवाडीच्या गणपती मंडळाचा हलता देखावा दरवर्षी त्यांच्या हुकमावर चालायचा, म्हणून.

हुकूम म्हणजे खरोखरचा हुकूम. मंडपात कनातीमागे एक कॉम्प्युटर असायचा. त्याच्या काळ्या स्क्रीनवर अण्णा पांढऱ्या अक्षरांत एक शब्द टाइप करायचे, की पुढे हत्ती सोंड उचलायचा आणि मोर पिसारा फुलवायचा. चित्रांवर टिचक्या मारत बसणं त्यांना मान्य नव्हतं. माउसला तर ते हातही लावत नसत. ‘माणसाने काय ते शब्दांत सांगावं,’ असं ते म्हणायचे, आणि सांगायचेही.

अण्णांना सगळे हुकूम तोंडपाठ होते. एकच गोष्ट त्यांना जन्मात जमली नव्हती. कोणाला काही विचारणं.

त्या वर्षी देखावा होता समुद्रमंथनाचा. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, मध्ये बांबू आणि पोत्यांचा मंदार पर्वत आणि त्याला वेढा घातलेला कापडी वासुकी. देवांनी ओढलं की दानवांनी सैल सोडायचं. दानवांनी ओढलं की देवांनी सोडायचं. पर्वत फिरतो तो तेव्हाच. अण्णांनी अख्खा श्रावण खर्चून देवांच्या हालचालींची एक फाइल केली, दानवांची दुसरी, पर्वताची तिसरी. दानवांवर त्यांचा जरा जास्तच जीव जडला होता. एक दानव ओढता ओढता मिशा पिळत होता, दुसरा शेजाऱ्याला कोपर मारत होता. अशी गंमत देवांच्या नशिबी नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी तालुक्याच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते. देखावा चालला तर अण्णांची मान वर, फसला तर गावभर हसं. त्यांना झोपेतसुद्धा वासुकी दिसायला लागला होता.

आणि गणपती अगदी तोंडावर आले असताना जुन्या कॉम्प्युटरने अंग टाकलं. कसाबसा एकदा सुरू झाला, हव्या तेवढ्या फायली काढून घेऊ दिल्या आणि कायमचा गप्प झाला. राखीव प्रती मात्र त्याच्याबरोबरच गेल्या. अण्णा म्हणाले, ‘त्यांचं काय एवढं? नव्या मशीनवर नव्या करू.’

नवं मशीन आलं कुठून? मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव मोहिते, अण्णांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या घरी नुकतीच केतकी सून म्हणून आली होती. तिचं सगळं कामच कॉम्प्युटरवरचं. येताना माहेरून तिने आपला कॉम्प्युटर आणला होता. तोच तिने मंडळाला दिला, आणि स्पर्धेच्याच दिवशी सकाळी तो मंडपात मांडायलाही ती स्वतः आली.

‘अण्णा, जुन्यात विंडोज होतं, ह्यात लिनक्स आहे,’ ती म्हणाली. ‘हुकूम वेगळे आहेत. दाखवू का?’

‘नुसती नावं सांग, सूनबाई. कामं मला येतात.’

मग बसल्या बसल्या जोड्या लागल्या. फायली बघायला तिकडे ‘डिर’, तर इकडे ‘एलएस’. प्रत करायला तिकडे ‘कॉपी’, इकडे ‘सीपी’. फाइल हलवायला तिकडे ‘मूव्ह’, इकडे ‘एमव्ही’. पुसायला तिकडे ‘डेल’, इकडे ‘आरएम’. चहा निवायच्या आत अण्णांना सगळ्या जोड्या पाठ झाल्या. उलट्या विचारा, सुलट्या विचारा, अण्णा अडले नाहीत. खरं सांगायचं तर केतकीलाही त्यांचं कौतुक वाटलं.

‘अण्णा, एक सांगायचं राहिलं,’ ती म्हणाली. ‘हे मशीन ना...’

‘मशीन ते मशीन गं! कोणी भात म्हणतं, कोणी राईस म्हणतं. शिजतो तोच तांदूळ.’

सभोवतालची माणसं हसली. केतकीही हसली आणि गप्प बसली. नवी सून ती. सासऱ्यांच्या मित्राला मंडपात सगळ्यांसमोर शिकवायचं कसं?

आता अण्णांची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. अण्णा फायलींना नावं देत नसत, आकडे देत. देवांची फाइल पहिली केली म्हणून ती एक नंबर, एवढं त्यांच्या लक्षात असायचं. बाकीच्या फायलींना मनात येईल तो आकडा मिळायचा, आणि कोणत्या आकड्यात काय आहे याची काळजी ते करत नसत. ती काळजी जुनं मशीन करायचं. प्रत करतानाही अण्णा तोंडाला येईल तो आकडा द्यायचे. तो आधीच वापरलेला असला तर मशीन थांबायचं आणि विचारायचं, ‘इथे एक फाइल आहे. तिच्यावर लिहू का?’ अण्णा ‘नाही’ म्हणायचे आणि दुसरा आकडा द्यायचे. पुन्हा प्रश्न, पुन्हा ‘नाही’. मशीनने काही विचारलं नाही की समजायचं, जागा रिकामी मिळाली. एसटीत ‘कोणी आहे का इथे?’ विचारत सीट शोधावी, तसा तो प्रकार. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि एकदाही काही बिघडलं नव्हतं.

केतकी घरी गेल्यावर अण्णांनी राखीव प्रती करायला घेतल्या. आधी देवांचा मान. त्यांनी ऐटीत नवा हुकूम टाइप केला: ‘सीपी’, एक नंबरची फाइल, चार नंबरला.

मशीनने काहीच विचारलं नाही.

‘वा! पहिल्याच फटक्यात रिकामी जागा,’ अण्णा खुशीत म्हणाले. ‘शिवाय बडबड नाही. संस्कारी घरातलं मशीन आहे.’

चार नंबरमध्ये दानव होते.

दुपारी तालीम ठरली होती. जयसिंगराव पुढच्या खुर्चीत बसले. गावातली पोरंसोरं चटईवर बसली. केतकी सासूबाईंबरोबर आरतीची तयारी घेऊन आली होती, तीही एका कडेला उभी राहिली. अण्णांनी आत जाऊन हुकूम सोडला.

देवांनी वासुकीला ओढलं. त्याच क्षणी दानवांनीही ओढलं. वासुकी ताणला गेला, त्याच्या शिवणी करकरल्या आणि मंदार पर्वत फिरायचा सोडून जागच्या जागी वर उचलला गेला. मग दोन्ही बाजूंनी एकदमच सोडलं आणि पर्वत धपकन खाली बसला. लगेच दोघांनी पुन्हा ओढलं. समुद्रमंथन राहिलं बाजूलाच, मंडपात रस्सीखेच सुरू झाली. पोरांना इतका आवडलेला देखावा त्या मंडळाने आजवर केला नव्हता. ती उड्या मारून देवांना जोर चढवू लागली.

‘भालू, बंद कर! बंद कर आधी!’ जयसिंगराव ओरडले.

अण्णांनी देखावा थांबवला आणि घाईघाईने चार नंबरची फाइल उघडून पाहिली. आत इंद्र होता. पाठोपाठ वरुण आणि अग्नी. दानवाचा मागमूस नव्हता. ना मिशा, ना कोपर. आपण सकाळी काय केलं ते त्यांना लख्ख कळलं.

बाहेर जयसिंगरावांचा पारा चढला होता. ‘तरी मी म्हणत होतो! फुकट मिळालेली वस्तू ही अशीच असायची. केतकी, तुझं ते कॉम्प्युटरचं धूड घरी ने. परीक्षक यायची वेळ झाली आणि तुझ्या मशीनने तोंडघशी पाडलं आम्हाला.’

‘नाहीतर काय,’ मंडळाचे खजिनदार म्हणाले. ‘अण्णांच्या हातून कधी चूक झाली आहे का? मशीनच खराब.’

केतकीने हातातलं तबक घट्ट धरलं आणि तिचे कान लाल झाले.

कनातीच्या फटीतून अण्णांनी ते पाहिलं. गप्प बसणं किती सोपं होतं! कोणी आत येऊन तपासणार नव्हतं. तपासलं असतं तरी कोणाला कळणार नव्हतं. देखावा फसला असता, पण अण्णांचं नाव राहिलं असतं. मशीन माहेराहून आलेलं, पोर परक्या गावची, आणि सगळा गाव अण्णांच्या बाजूने. एवढी सोय माणसाला सहसा मिळत नाही.

अण्णांनी कनात बाजूला केली आणि ते बाहेर आले.

‘जयसिंग, पोरीला बोलू नकोस. मशीनची काही चूक नाही. मी दानवांच्या फाइलवर देव लिहून ठेवले. सगळे दानव माझ्या हाताने पुसले गेले.’ मग त्यांनी मोठा श्वास घेतला, कारण पुढचं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. ‘केतकी, मघाशी तू काय सांगत होतीस? मी ऐकून घेतलं नाही. आता विचारतो. सांग.’

तबक सासूबाईंच्या हाती देऊन केतकी पुढे आली.

‘एवढंच सांगत होते, अण्णा, की हे मशीन विचारत नाही. जुनं मशीन लिहायच्या आधी विचारायचं. ह्याला वाटतं, माणसाने सांगितलं म्हणजे विचार करूनच सांगितलं असणार. ते आपल्याला शहाणं समजतं.’

‘तिथेच फसलं बिचारं!’ अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदा केतकी मोकळेपणाने हसली.

‘मीही फसले होते, अण्णा,’ ती म्हणाली. ‘माझ्या माहेरी पोळी वाढायच्या आधी विचारतात, “हवी का?” आपण नको म्हणायचं. इकडे विचारतच नाहीत, थेट ताटात पडते. मी आपली कोणी विचारेल म्हणून वाट बघायचे आणि पोळ्या संपवत बसायचे. पोट दुखायला लागलं तेव्हा कळलं, इथे आपणच आधी ताटावर हात आडवा धरायचा असतो.’

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जयसिंगरावही खाली बघून हसले. मग घसा खाकरून म्हणाले, ‘मी उगाच बोललो, पोरी. चुकलं माझं.’

हसून झालं, पण दानव कुठून आणायचे? श्रावणभराचं काम संध्याकाळच्या आत पुन्हा होणं शक्य नव्हतं. अण्णा आणि केतकी स्क्रीनसमोर बसले. दोन्ही फायलींत तेच देव, त्याच वेळी ओढणारे. अण्णा बघत राहिले आणि एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली.

‘अगं, मग ह्यांना जरा थांबवून ठेवलं तर? देवांचं ओढून झालं की मगच ह्यांनी सुरू करायचं.’

‘म्हणजे चार नंबरमध्ये सुरुवातीला एक थांबा टाकायचा. बाकी सगळं तसंच.’

‘दानव म्हणजे उशिरा आलेले देव!’

हात लावण्याआधी अण्णांनी ‘एलएस’ देऊन कोणत्या आकड्यात काय आहे ते नीट पाहिलं. रिकामा आकडा शोधला आणि मगच प्रत ठेवली. मग थांबा टाकला आणि हुकूम सोडला. देवांनी ओढलं, दानवांनी सोडलं. दानवांनी ओढलं, देवांनी सोडलं. मंदार पर्वत डौलात फिरायला लागला. तोवर गावच्या शिंप्याने वासुकीच्या उसवलेल्या शिवणीही पुन्हा घालून दिल्या होत्या.

संध्याकाळी परीक्षक आले. देखावा बघून खूश झाले. त्यांतल्या एकाने मात्र चष्मा सारखा करत विचारलं, ‘दानव फार सज्जन वाटतात हो. मान लववून, नम्रपणे ओढताहेत. ह्यात काही संदेश आहे का?’

आता अण्णांना म्हणता आलं असतं की आहे, फार खोल संदेश आहे. परीक्षकांनी तो आनंदाने लिहूनही घेतला असता. पण अण्णा म्हणाले, ‘संदेश कसला, साहेब. माझ्या चुकीने दानवांचे देव झालेत.’ परीक्षक इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चिंचणवाडीला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला मिळाला असता का? कोण जाणे. अण्णांनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही.

आरती झाल्यावर केतकी अण्णांजवळ आली.

‘अण्णा, ह्या मशीनलाही विचारायला लावता येतं,’ ती म्हणाली. ‘“सीपी”च्या पुढे एक खूण द्यायची, मग लिहायच्या आधी ते विचारतं. मी असं करून ठेवते, की तुम्ही नुसतं “सीपी” म्हटलंत तरी ते दर वेळी विचारेल. अगदी जुन्यासारखं. करू?’

अण्णांचा हात हो म्हणायला उठला होता. तो त्यांनी खाली घेतला.

‘नको, पोरी. ते विचारायला लागलं की मी पुन्हा बघायचं सोडून देईन. आणि उद्या तिसरंच मशीन आलं की पुन्हा दानव पुसून बसेन. असू दे ते आहे तसं.’ मग त्यांनी स्वतःच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाले, ‘तू बस इथे. ह्याच्या हुकमांची नावं मला आली आहेत. आता माझं चुकलं तर हे काय करतं, ते एकेक करून सांग.’

तात्पर्य: नव्या जागी शब्दाला शब्द जुळला म्हणून रीतही जुळली असं धरून चालू नये, ती विचारून घ्यावी, आणि न विचारता चूक झालीच, तर ती आपली म्हणून सांगावी.