वाढलेलं तळं

निंबखोरीच्या वेशीवर एक तळं आहे. आत थेंबभर पाणी नाही, तरी नाव वाढलेलं तळं. बांधावर बसून रंगनाथआबा येणाऱ्या पाहुण्यांना त्याची कथा सांगतात. पाहुणे जांभया देऊ लागले तरी सांगतात.

फार वर्षांपूर्वी म्हणे इथे धुरपा नावाची आठ वर्षांची पोर होती. एकदा ती पाहुण्यांसमोर ओरडली, "आजी, मीठ संपलं!"

आजीने फाडकन कानाखाली दिली. "भरल्या घरात संपलं म्हणतेस? वाढलं म्हणावं!"

धुरपाला कळेना. खोटं बोललं की मार, खरं बोललं तरी मार. तेल संपलं की वाढलं. बांगडी फुटली की तीही वाढली. मोठ्यांनी सगळं असं उलटं टांगून ठेवलेलं, आणि वर पोरांना सांगायचं, नेहमी खरं बोला.

त्या उन्हाळ्यात तळ्यावर नजर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. एका सकाळी पाहते तो नुसता चिखल. तिला आजीची चपराक आठवली. तिने बांधावरून हाळी दिली, "पाणी वाढलं हो!"

रोज घरात हाच शब्द वापरणाऱ्या एकाही शहाण्याला तो त्या दिवशी कळला नाही, असं सांगतात. गावाने घरातलं उरलंसुरलं पाणी देवावर ओतलं, म्हशी धुतल्या. पंचांनी तर दुसऱ्यांदा आंघोळ केली. मग घागरी घेऊन सगळे तळ्यावर आले.

दुपारी धुरपाला देवळापुढे उभं केलं. खोटं बोलणाऱ्याशी वर्षभर अबोला, अशी गावाची शिक्षा. मुख्य पंच दाजीबा गरजले, "पायरीला हात लाव आणि कबूल कर, खोटं बोललीस!"

धुरपा रडली नाही. हात जोडून म्हणाली, "दाजीबा, तुमची अक्कल वाढली."

दाजीबा सुखावले. "बघा, पोर वळणावर आली," म्हणत मिशीला पीळ देऊ लागले. आधी आजी फिसकन हसली, मग सगळं गाव. दाजीबांना कळलं तोवर म्हशीसुद्धा हसून झाल्या होत्या म्हणे.

आता शिक्षा कसली देणार? शब्द तर त्यांचाच. शेवटी दाजीबांनीच पायरीला हात लावला आणि गावाला शपथ घातली: तळ्याच्या बांधावर पोरं आहे ते तसंच बोलतील, कुणी हात उगारायचा नाही.

तळ्यात पुन्हा पाणी ठरलं नाही. शपथ मात्र आजही पाळतात. म्हणून तर आबा चौथ्यांदा म्हशींच्या हसण्यावर आले, की त्यांची नात पाहुण्यांदेखत म्हणते, "आबा, गोष्ट संपली."

आबांचा हात उठतो, आणि टोपी सारखी करून खाली येतो.