मोटारीचा नेम

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात भार्गवकाका नावाचे एक गृहस्थ राहत होते. त्यांच्याकडे एक जुनी निळी मोटार होती. काकांचे केस पिकले, पण मोटार काही थकली नाही. याला कारण होतं काकांचा नेम. सकाळी अनसूयाकाकू तुळशीला पाणी घालायच्या, तेव्हा काका बॉनेट उघडून पाणी बघायचे, ऑइल बघायचे, चाकांवरून हात फिरवायचे.

शेजारच्या सुहासने नवी कोरी पांढरी गाडी घेतली. तो कुंपणापलीकडून चिडवायचा, "काय काका, झाली का म्हातारीची पूजा? माझ्या गाडीला असले लाड लागत नाहीत. काही हवं असलं की दिवा लावून ती स्वतःच सांगते!"

"सांगेल रे, पण ऐकणारा नको का?" काका म्हणायचे.

जुनी गाडी टिकाऊ की नवी, यावर पारावर वाद रंगायचा. म्हातारी मंडळी काकांच्या बाजूने. "जुनं ते सोनं! असलं लोखंड आता मिळायचं नाही." ऐकून ऐकून काकांनाही ते पटलं. हळूहळू बॉनेट उघडायचं राहून जाऊ लागलं.

"अगं, सोन्याला काय रोज उघडून बघायचं?" ते काकूंना म्हणाले. काकू तुळशीचा रिकामा तांब्या घेऊन पुन्हा पाणी भरायला गेल्या.

चैत्रातल्या एका दुपारी सुहासच्या बायकोला, मृणालला, कळा सुरू झाल्या. दवाखाना घाटावर. सुहासने गाडीचं बटण दाबलं, पण गाडी ढिम्म. समोरचा लाल दिवा बरेच दिवस लागत होता. नव्या गाडीला काय होतंय, म्हणून त्याने तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

"काका!" त्याने हाक मारली. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

काकांची छाती फुगली. "बसा माझ्या म्हातारीत. आता बघ जुन्याची ताकद!"

काकू मृणालला धरून मागे बसल्या, सुहास पुढे बसला. निम्मा घाट चढून झाला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ येऊ लागली. आत पाण्याचा थेंब नव्हता. वर ऊन, खाली दरी, ना घर ना विहीर. मागे मृणाल कण्हत होती. माझ्या तोऱ्यापायी या पोरीचा जीव टांगणीला लागला, या विचाराने त्यांना मान वर करवेना.

"अहो, डिकीत बघा जरा," काकू हळूच म्हणाल्या.

डिकीत पाण्याने काठोकाठ भरलेला कॅन होता.

"हा कुणी ठेवला?"

"मीच. तुमचा नेम सुटला ना, तेव्हापासून तुळशीला पाणी घातलं की हाही भरते. मला बॉनेट उघडता येत नाही, पण कॅन तर भरता येतो!"

काकांनी इंजिन निवू दिलं. तोवर काकू मृणालच्या पाठीवरून हात फिरवत रामरक्षा म्हणत राहिल्या. मग काकांनी सुहासच्या मदतीने बेताबेताने पाणी ओतलं. मोटार खोकली, कुरकुरली आणि चालू झाली. वेळेवर पोहोचले. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

दोघींना घरी आणायच्या दिवशी काका म्हणाले, "सुहास, तुझी गाडी दुरुस्त झाली ना? आज तीच काढ. लेकराला माझ्या म्हातारीचे धक्के कशाला?"

"काढतो, काका," सुहास म्हणाला. "पण आधी बॉनेट उघडून काय काय बघायचं, ते मला शिकवा."

दोघं त्या पांढऱ्या गाडीवर वाकले. तुळशीपाशी उभ्या असलेल्या काकूंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

तात्पर्य: वस्तू जुनी असो वा नवी, तिचा भरवसा रोज तिची विचारपूस करणाऱ्या हातांवर असतो, आणि आपल्या माणसाचा नेम चुकला, तर टोमणा न मारता तो आपण चालवावा.