गंध्याच्या घरातला बोका आणि मुंगूस

पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरात एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका गंध्याच्या घरी बोका होऊन जन्माला आले. घर सुगंधी तेले आणि उटणी करणाऱ्यांचे. माजघरात वाळ्याच्या जुड्या, अंगणात चंदनाचा भुसा, कोठीत तिळाची पोती. पोती राखणे हे बोक्याचे काम. तो करडा, दाट केसांचा, म्हणून सगळे त्याला कांबळ्या म्हणत. उंदीर मारणे त्याने तरुणपणीच सोडले होते. तो पोत्यावर बसून उंदराकडे नुसता शांतपणे बघे. थोड्या वेळाने उंदराला आपल्या आयुष्याचा विचार करावासा वाटे आणि तो शेजाऱ्यांकडे राहायला जाई.

त्या घराचे नाक म्हणजे गंध्याची बायको सुमंगला. वाळा कोणत्या नदीकाठचा, चंदन बुंध्याचे की फांदीचे, हे ती डोळे मिटून सांगे. घरात येणारी प्रत्येक गोष्ट आधी तिच्या नाकाखालून जाई. भाजी, पाहुणा, आणि त्या वर्षी सून.

सुनेचे नाव विशोका. रानालगतच्या गावची, कमी बोलणारी. ती सासरी आली तेव्हा तिच्यासोबत पितळेची भांडी आली, थोडी वस्त्रे आली, आणि एका टोपलीतून तिचे पाळलेले मुंगूस आले. ते एका जागी राहत नसे म्हणून त्याचे नाव फुटाणा.

सुमंगलेने टोपलीचे झाकण उघडले, नाक आत घातले आणि झटकन बाहेर काढले.

"अगं बाई! हे काय आणलंस?"

"मुंगूस आहे, आत्याबाई. साप येऊ देत नाही घरात."

"याच्या वासानं माणसंसुद्धा यायची नाहीत."

पण नव्या सुनेच्या टोपलीला पहिल्याच दिवशी नाही म्हणणे बरे दिसत नाही. त्या घरची रीत अशी, की नव्याने येणाऱ्याला उटणे लावून न्हाऊ घालायचे आणि मगच आत घ्यायचे. विशोकेचे न्हाणे सकाळीच झाले होते. आता फुटाण्याचे झाले. त्याला चंदनाच्या उटण्याने चोळले, ऊन पाण्याने धुतले, धूप दिला आणि पाटावर आणून कांबळ्यासमोर बसवले. सगळे घर कौतुकाने बघायला जमले.

कांबळ्याला काय दिसले? डोळे असलेले चंदनाचे खोड. त्याने वास घेऊन पाहिला. प्राणी कुठला, भुकेला की भ्यालेला, काहीच कळेना. फुटाण्याची अवस्था तर याहून वाईट. त्याला स्वतःचाच वास येत नव्हता. भीतीने तो फुगला, म्हणून बोका फुगला, मग पाट उलटला आणि गंध्याच्या मांडीवर दोघांच्याही नखांच्या खुणा उमटल्या.

"होईल सवय," गंधी धोतर झटकत म्हणाला.

चंदन मानवले नाही, असे सुमंगलेने ठरवले. दुसऱ्या दिवशी फुटाण्याला वाळा लावला. तोही मानवला नाही, तेव्हा मोगरा लावला. दर वेळी कांबळ्याला वाटे, घरात आणखी एक नवा आला. आधीचे कुठे गेले हे त्याला कोणी सांगत नव्हते.

मोगऱ्याच्या दिवशी बोका आणि मुंगूस एकमेकांमागे कारखान्यातून धावले, आणि राणीच्या स्नानासाठी भरून ठेवलेला केवड्याच्या तेलाचा रांजण फुटला. सगळ्या गल्लीला केवड्याचा वास सुटला. शेजारीपाजारी फुकट सुगंध घ्यायला ओट्यावर येऊन बसले. एकटी सुमंगला तेवढी हसत नव्हती.

"पुरे झालं," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी गारुडी येतो. त्याला निरोप धाडा. मुंगूस त्याला देऊन टाकू. बोका घरचा आहे."

गारुडी जत्रांमधून मुंगसाला नागापुढे सोडे. त्याच्याकडे मुंगूस दर जत्रेला नवे का असते, हे सगळ्यांना ठाऊक होते. विशोका "बरं" एवढेच म्हणाली आणि चुलीशी जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती.

फुटाण्याची टोपली लाकडांच्या खोलीत ठेवण्यात आली. जाणाऱ्याला उटणे कशाला वाया घालवायचे, म्हणून त्याचे न्हाणेही थांबले.

आता कांबळ्याला काहीही करायचे नव्हते. बाजाराच्या दिवसापर्यंत अधूनमधून फुगून बसले की झाले. दूध त्याचे, कोठी त्याची, सुमंगलेची मांडी त्याची. इतक्या स्वस्तात राज्य क्वचितच कोणाला मिळते. पण थंड चुलीशी बसलेली सून त्याने पाहिली, आणि ते राज्य त्याला गोड लागेना. तो उठून लाकडांच्या खोलीत गेला आणि टोपलीच्या फटीला नाक लावले. आंबट, उग्र, रानटी, घाबरलेला असा एक खराखुरा वास आला.

"अरे! तू एकटाच आहेस होय?"

"मग किती असणार?" आतून फुटाणा म्हणाला.

"मी तिघांशी भांडलो. चंदनवाला, वाळेवाला आणि मोगरेवाला. तिघेही मोठे उर्मट होते."

"ते तिघेही घाबरलेले होते, दादा."

कांबळ्या टोपलीला अंग टेकून बसला. मग म्हणाला, "असं करू. इतक्यात तोंडं नकोत बघायला. आधी अंथरुणं बदलू."

तो ज्या गोधडीच्या तुकड्यावर निजे, तो त्याने ओढत आणून फटीतून आत ढकलला. फुटाण्याच्या टोपलीतली चिंधी दातांनी बाहेर ओढली, कोठीत नेली आणि पोत्यावर पसरून तिच्यावर आडवा झाला. लगेच शिंकला. बोधिसत्त्व असले तरी नाक बोक्याचेच होते. झोप काही लागली नाही, पण तो तिथून उठलाही नाही. पुढच्या दिवशी दोघांनी पुन्हा अदलाबदल केली, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही.

विशोकेने हे पाहिले आणि कोणाला सांगितले नाही. तिने टोपली उघडली, खोलीचे दार लावून घेतले आणि दाराच्या दोन्ही अंगांना दुधाची एकेक वाटी ठेवली. रोज ती वाट्या दाराच्या थोड्या जवळ सरकवी. शेवटी एके सकाळी तिने दार उघडे ठेवले आणि ती पाणी भरायला निघून गेली.

बाजाराच्या दिवशी गारुडी आला. "माय, मुंगूस द्यायचंय म्हणे?"

सुमंगला लाकडांच्या खोलीत गेली. टोपली रिकामी. ती शोधत कोठीत आली, तो तिळाच्या पोत्यावर एक करडा ढीग निजलेला, आणि त्याला शेपट्या दोन. बोक्याला आधी बाजूला करावे म्हणून तिने त्याला उचलले आणि सवयीने त्याच्या डोक्याला नाक लावले. ती थांबली. दुसऱ्याला उचलून त्याच्या मानेचा वास घेतला. मग पुन्हा पहिल्याचा. पोतलीतले सगळ्यात तयार नाक तिथे उभे होते, आणि त्याला या दोघांची वाटणी करता येत नव्हती.

"विशोके, काय लावलंस गं यांना?"

"काही नाही, आत्याबाई. म्हणूनच."

"लवकर करा माय, ऊन चढतंय," गारुडी दारातून ओरडला. "लांब तोंडाचा तो माझा."

"तुझा कसला? याला आमच्या कांबळ्याचा वास येतोय. घरचा वास लागलेलं जनावर दारावरच्या माणसाला कोणी देतं का?"

"पण निरोप तुमचाच होता."

"निरोप दिला तेव्हा तो परका होता," असे म्हणून सुमंगलेने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याला वाटेला लावले.

मग ती सुनेजवळ आली आणि तिच्या केसांशी नाक नेले. विशोका अंग चोरून उभी राहिली.

"करंजाचं तेल. माहेरचं ना? वास काही खास नाही हो," सुमंगला म्हणाली. "पण तुझा आहे. राहू दे."

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहारात एक नवा भिक्षू आलेला होता. तिथले ज्येष्ठ भिक्षू स्थविर कुंडल त्याला रोज बसण्याची, उठण्याची, चीवर नेसण्याची वेगळी तऱ्हा शिकवीत आणि जवळ मात्र बसू देत नसत. कंटाळून तो निघून जायच्या बेतात होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा फुटाणा म्हणजे हा नवा भिक्षू. विशोका म्हणजे दाराशी न बोलता भिक्षा वाढणारी उपासिका उत्पला. सुमंगला म्हणजे आपले स्थविर कुंडल. आणि शिंकणारा तो बोका मीच होतो."

भिक्षू हसले. स्थविरही हसले, मात्र जरा उशिरा. मग ते उठले, आपली चटई त्यांनी नव्या भिक्षूच्या हाती दिली आणि त्याची स्वतःकडे मागून घेतली.

परका परका उरत नाही तोवर त्याचा वास आपल्या अंथरुणात राहू द्यावा. यालाच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात.