रांजणातला बेडूक आणि कात्रीवाली परी

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला बकुळाची त्याहून इवली झोपडी. आई दिवसभर लोकांच्या शेतात राबायची. घरी बकुळा आणि तापाने फणफणलेला तिचा धाकटा भाऊ सोमा. "अडुळशाचा काढा पोटात गेला तरच पोर उठेल," असं वैद्यबुवा बजावून गेले होते. पण सोमा महाहट्टी! नवी गोष्ट ऐकल्याशिवाय तोंडच उघडायचा नाही. आणि बकुळाच्या तर साऱ्या गोष्टी संपल्या होत्या.

"ही ऐकलीय," असं पुटपुटून तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. काढ्याची वाटी बकुळाच्या हातात तशीच राहायची.

एका सकाळी ती नदीवरून कळशी भरून येत होती. वाटेतल्या ओसाड बागेत मोगऱ्याचं एक झुडूप पार सुकून गेलं होतं.

"तहान लागली का रे तुला?" असं म्हणून तिने अर्धी कळशी त्याच्या मुळाशी ओतली. तोच पानापानांतून चंदेरी चमचम झाली आणि बोटभर उंचीची परी बाहेर आली! पोपटी झगा, गुलाबी पंख आणि कमरेला चिमुकली सोनेरी कात्री.

"माझं घर वाचवलंस, बाळ. माग, काय हवं?"

"नवी गोष्ट दे. माझ्या सोमासाठी."

"आयती गोष्ट मी देत नाही. शब्द देते, हवे तेवढे. पण अट एकच. गोष्टीतून मी काढ म्हणेन ते तू आपल्या हाताने काढायचं."

"कबूल!"

परीने पंख झटकले आणि लाल, निळ्या, झुळझुळत्या शब्दांची बरसात झाली. बकुळाने ते वेचले आणि सागाच्या मोठमोठ्या पानांवर काट्याने गोष्ट लिहिली. सोन्याचा महाल, हिऱ्यांचे हंस, मोत्यांचा पाऊस! स्वारी स्वतःवरच खूश झाली.

परीने सगळं मन लावून वाचलं. "महाल काढ," ती म्हणाली. "हंसही काढ."

बकुळाचे डोळे भरून आले. "पण तेच तर सगळ्यात सुंदर आहेत!"

"असतील. तू पाहिलायस सोन्याचा महाल?"

"नाही."

"मग काय पाहिलंयस?"

बकुळा रुसून बसली. मग हळूच म्हणाली, "आमच्या रांजणात एक बेडूक आहे. सोमा त्याला घाबरतो. आणि तो सोमाला."

परी खुदकन हसली. "अगं, मग ही लिही की!"

बकुळाने परीची कात्री घेतली. आवडता महाल कापवत नव्हता, पण शब्द दिला होता, म्हणून तिने तो कापला. उरलेल्या एका पानावर तिने बेडकाची गोष्ट लिहिली आणि धावत घर गाठलं.

सोमाने ऐकली. बेडूक घाबरून उडी मारतो तिथे तो खळखळून हसला आणि हसता हसता अख्खा काढा पिऊन गेला. "मग पुढे?" त्याने विचारलं. बकुळाला रडूच कोसळलं, आनंदाने.

रोज नवी गोष्ट, रोज वाटीभर काढा. ताप उतरला. बकुळा नवं पान घेऊन परीकडे धावली. "हे वाच ना!"

"आता मला नाही, सोमाला वाचून दाखव."

"आणि माझं चुकलं तर?"

"तो जांभई देईल," परी लाडाने म्हणाली. पिवळाधमक, उबदार उजेड झाला आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

बकुळा घरी आली आणि गोष्ट वाचू लागली. मध्येच सोमाने आऽऽ करून जांभई दिली. तिने हसत हसत तेवढा तुकडा फाडून टाकला आणि पुढे वाचू लागली.

बकुळाची साठ वाक्यांची कहाणी अशी पाच वाक्यांत गोड झाली, तशी तुमचीही होवो.