काचांचा सत्तावीस

बार्शीच्या त्या कॉलनीतली सगळी घरं एकसारखी. दारांवरच्या पितळी पाट्याही एकसारख्या, चेअरमन शितोळेसाहेबांनी सक्तीने लावलेल्या. त्यांवरचे नाजूक आकडे दोन हातांवरूनही वाचता येत नसत. गेल्या आठवड्यात मंदाकिनीच्या सासऱ्यांना दम लागला, तेव्हा अँब्युलन्स घर शोधत कॉलनीतच फिरत राहिली. मामंजी थोडक्यात वाचले, पण मंदाकिनीच्या जिवाला घोर लागला. पुन्हा असं झालं तर?

तिने खोक्याची एक फळी घासली, घरात उरलेला पांढरा रंग दिला आणि फुटक्या बांगड्यांच्या काचा चिकटवून हातभर उंचीचा सत्तावीस आकडा केला. फळी व्हरांड्यात दिव्याखाली टांगली.

दिवेलागणीला चेअरमन स्कूटरवरून दारात हजर.

"हे काय खेळणं टांगलंय? हा घराचा नंबर आहे, हे कुणाला कळणार? आत्ताच्या आत्ता काढा!"

आत मामंजी खोकत होते. मंदाकिनी हळूच म्हणाली, "काढते, साहेब. पण आमच्याकडे तुम्ही आज पहिल्यांदाच आलात ना?"

"हो. मग?"

"घर कुणाला विचारलंत?"

"विचारायचं कशाला? गल्लीच्या तोंडापासूनच हा सत्तावीस चमक..."

चेअरमन मध्येच थांबले. फाटकाशी जमलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"राहू दे," असं पुटपुटत साहेबांनी स्कूटरला किक मारली. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मंदाकिनी दाराची चौकट घट्ट धरूनच उभी होती.