देवदार खिंडीतला थेवदोर

खिंडीच्या तोंडाशी जी पाटी आहे, तिच्यावर 'देवदार खिंड' असं लिहिलंय. ती वाचून येणारी माणसं वर बघतात, झाडं शोधतात. देवदार हिमालयातलं झाड. आमच्या सह्याद्रीत ते कुणी पाहिलेलं नाही. इथं अंजनी आहे, हिरडा आहे, जांभूळ आहे, कड्याच्या कपारीत कारवी आहे. मग हे नाव आलं कुठून, असं तुम्ही विचारलंत, बरं केलंत. नाही तर लोक पाटीसमोर फोटो काढतात आणि पुढं जातात.

मी धाकलू झोरे, या वरच्या सांबरटेकचा. धुकं चढतंय, तेव्हा इतक्यात खाली उतरू नका. बसा या कट्ट्यावर. आमच्या घरात जसं सांगत आलेत, तसं सांगतो.

देवदार हे झाडाचं नाव नाही, माणसाचं आहे. आणि ते देवदारही नाही. आम्ही सांबरटेकचे लोक थेवदोर म्हणतो. घाटाखाली खारशेतात तेवदर म्हणतात. पलीकडच्या कातकरी वाडीवर थेदुरा. आमच्या थोरल्या चुलत्याला दात नव्हते, तो धोदर म्हणायचा. पाटी रंगवायला आलेल्या माणसाला कुणाच्या तरी तोंडून ते देवदार ऐकू आलं, त्यानं तसं रंगवलं. गावातल्या कुणी त्याला दुरुस्त केलं नाही. का केलं नाही, हेच तर सांगायचंय.

फार जुन्या काळी, कोकणातल्या बंदरांत यवनांची गलबतं लागत. ग्रीस देश म्हणतात ना, तिकडचे ते लोक. ते द्राक्षाची दारू, पोवळी, काचेचे मणी आणत आणि मिरी नि कापूस भरून नेत. बंदरातला माल बैलांच्या पाठीवर लादून याच खिंडीनं वर देशावर जाई. तांड्याच्या राखणीला म्हणे काही यवन गडी असत. त्यांतला एक जण इथवर आला तो तापानं फणफणलेला. तांडा थांबू शकत नव्हता. सांबरटेकला तेव्हा गवळ्यांची पाच-सात घरं होती. त्यांतल्या नागमूळ नावाच्या गवळ्याच्या ओसरीवर त्याला ठेवून तांडा पुढं गेला. पाऊस सरला की परत येताना घेऊन जाऊ, असं सांगून गेले.

नागमूळ विधुर होता. घरात तो आणि त्याची मुलगी सामा. दोघांनी मिळून त्या परक्या माणसाला ताक-कण्यांवर जगवलं. तो उठून बसू लागला तेव्हा नागमुळानं त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं, थेओदोरोस.

गावाला ते काही म्हणता येईना. कुणी थेवदोर म्हणे, कुणी दोरस, पोरं तर दोरा-दोरा करत मागं लागत. तो प्रत्येकाला थांबवून नीट म्हणून दाखवी. लोक पुन्हा तसंच म्हणत. असं सांगतात की, त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. हा जगला, म्हणून तिनं त्याला हे नाव ठेवलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'देवानं दिलेला'. घर सोडताना त्याच्याजवळ जे जे होतं ते समुद्रावर आणि तापात गेलं होतं. नाव तेवढं उरलं होतं. ते कुणी मोडून म्हटलं की त्याच्या जिवाला लागे. शेवटी त्यानं ठरवलं, चुकीच्या हाकेला ओ द्यायचीच नाही. बोलावलं तरी तो दुसरीकडे बघत बसे. गावाला त्यात गंमत वाटू लागली आणि लोक मुद्दाम वाकडंतिकडं म्हणू लागले. नागमूळ मात्र मुद्दाम करत नव्हता. तो मनापासून थेवदोरा म्हणायचा. त्याच्या जिभेला तेवढंच जमत होतं.

बाकी तो गडी कामाचा होता. गुरं वळायचा, कुंपणं घालायचा. सामानं त्याला आपली भाषा शिकवली. तिच्याशी तो बोलायचा. पण ती त्याला नावानं हाक मारत नसे. चुकेल म्हणून भीत असावी.

भाद्रपदात एका सकाळी नागमुळाची गाभण गाय घरी आली नाही. दोघे तिला शोधायला इथं आले. आज आहे ना, तसंच धुकं होतं. हाताचा पंजा दिसेना. वर चढताना वाटेच्या डाव्या अंगाला रान, उजव्या अंगाला हा कडा. नागमूळ म्हणाला, तू इथं वाटेवर उभा राहा, मी रानात गाय बघतो, परतताना तुला हाक मारीन, तू ओ दे, म्हणजे मी तुझ्या आवाजावर येतो. तो उभा राहिला.

थोड्या वेळानं हाक आली. "थेवदोरा."

त्यानं ओ दिली नाही. आवाजात घाबरेपणा नव्हता. नेहमीची हाक, नेहमीची चूक. त्याला वाटलं, आज याला माझी गरज आहे, आज तरी नीट म्हणेल. दुसरी हाक आली. तो गप्पच राहिला. पण कडा गप्प राहिला नाही. त्या काळी समोरचा तो सुळका साद परत देत असे. नागमुळाची हाक त्यानं परत केली, धुक्यात शब्द काही कळले नाहीत, आणि नागमुळाला वाटलं, पोरगा तिकडं आहे, ओ देतोय. तिसरी हाक आली ती वाटेच्या उजव्या बाजूनं. तेव्हा थेवदोराच्या लक्षात आलं. तो जिवाच्या आकांतानं ओरडला. त्याचंही ओरडणं सुळक्यानं परत केलं. दोन बाजूंनी आवाज झाले, आणि नागमूळ चुकीच्या बाजूला गेला.

गाय संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली.

खाली उतरून लोकांनी नागमुळाला आणलं, अग्नी दिला. सगळ्यांना वाटलं, धुक्यानं माणूस नेला. घाटात असं व्हायचं. पण सामाच्या मनात काहीतरी होतं. अस्थी विसर्जून आल्यावर तिनं त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "बाबानं हाक मारली होती?"

"मारली होती."

"तुला ऐकू आली?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. धुक्यात काय झालं, ते दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "आली होती."

सामा म्हणाली, "तुझं नाव तुझ्या आईनं दिलेलं, ते मोठंच असणार. माझ्या बापाच्या तोंडात त्यातलं मावलं तेवढं त्यानं घेतलं होतं. तेवढ्यालाही तू ओ दिली नाहीस."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. घरातून त्याला जा म्हणाली नाही, पण त्याच्यापुढं भाकरी ठेवून ती पाठ फिरवी.

तो उठला आणि इथं खिंडीत येऊन बसला. आपण बसलोय त्याच्या खालच्या अंगाला त्यानं दगड रचून आडोसा केला. असं सांगतात की, त्यानं कड्याकडे तोंड करून शपथ घेतली. जोवर कंठात आवाज आहे तोवर धुक्याच्या प्रत्येक दिवशी या कडेला उभं राहीन. मला जो कुणी जशी हाक मारेल, तशी ती माझी. मी ओ देईन. आणि म्हणे, ती शपथ ऐकली तेव्हापासून समोरचा सुळका मुका झाला. तुम्ही खालच्या वळणावर ओरडून बघा, पुढच्या वळणावर बघा, सगळी दरी साद देते. इथून मात्र देत नाही. मी लहानपणापासून ओरडतोय.

पाऊस सरला, तांडा आला. तांड्यात त्याच्या गावचा एक जण होता. त्यानं लांबूनच त्याला अगदी नीट, त्यांच्या भाषेतल्या सगळ्या वळणांसकट हाक मारली. थेवदोर रडला म्हणतात. किती महिन्यांनी त्यानं आपलं नाव पुरतं ऐकलं होतं. पण तो येत नाही म्हणाला. गाववाल्यानं विचारलं, तुझ्या आईला काय सांगू? तो म्हणाला, "सांग, तिनं दिलेलं नाव इथं कामाला लावलंय."

मग वर्षं गेली. घाटानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना कळलं की, धुक्यात वाट दिसेनाशी झाली तर थांबायचं आणि त्या यवनाला हाक मारायची. तो ओ देतो. त्याचा आवाज जिकडून येतो तिकडं कडा आहे. तिथवर यायचं नाही, त्या आवाजाला उजव्या हाताला ठेवून चालायचं. उतरणाऱ्यानं डाव्या. कुणी कानडी मुलखातला, कुणी गुजराती, कुणी त्याच्यासारखाच समुद्रापलीकडचा. प्रत्येकानं आपल्या जिभेला जमेल तसं त्याचं नाव मोडलं. एकालाही त्यानं पुन्हा म्हणायला लावलं नाही.

एकदा सामाच धुक्यात सापडली. आजारी शेजारणीसाठी औषधाचा पाला आणायला गेली होती आणि वाट हरवली. ती उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली, आणि ती तिच्या बापासारखीच मारली. "थेवदोरा."

ओ आली. पण नेहमीसारखी लगेच नाही आली, असं सांगतात. ती त्या आवाजाच्या मागानं चालत आली, वाटेवर पोचली, आणि गावाकडे न वळता त्याच्या आडोशाशी येऊन बसली. दोघं काय बोलले, ते कुणाला माहीत नाही. पुढं त्यांनी घर मांडलं की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत. आम्ही झोरे म्हणतो मांडलं, कारण आम्ही स्वतःला त्यांचा वंश समजतो. बाकीचे म्हणतात, ती रोज भाकरी घेऊन यायची, एवढंच. तुम्हाला पटेल ते घ्या.

म्हातारपणी त्याचा आवाज बसला. एका धुक्याच्या दिवशी तो गावात खाटेवर पडून होता, उठवत नव्हतं, आणि खालून तांडा चढत असल्याची खबर आली. तो उठायची धडपड करू लागला. सामानं त्याला दाबून निजवलं आणि ती स्वतः खिंडीत आली. तिच्यामागं गावातली बाकीची माणसं आली. खालून हाका येऊ लागल्या, थेवदोर, तेवदर, थेदुरा. आणि इथून सगळ्यांनी ओ दिली, जणू ते नाव त्यांचंच होतं. तांडा सुखरूप वर आला. वारं गावाकडे होतं, तेव्हा ते सगळं खाटेपर्यंत ऐकू गेलं. तो ऐकत राहिला आणि तसाच गेला, असं सांगतात. चेहरा शांत होता म्हणे.

तेव्हापासून धुक्याच्या दिवशी जो कड्याशी उभा राहतो, तो त्या दिवसापुरता थेवदोर. मग तो कुणीही असो. असे कितीतरी होऊन गेले. गंगू थेवदोर म्हणून एक बाई होती, तिनं पोटुशी असताना अख्खं वऱ्हाड खाली उतरवलं. एक जन्माचा मुका होता. तो हाक ऐकली की बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवायचा. त्यालाही लोक थेवदोरच म्हणत, आणि आमच्यात त्याचं नाव सगळ्यांत आदरानं घेतात. माझा बाप झाला, मी झालो. आता ओरडायला माझीही छाती भरत नाही.

गाडीरस्ता झाल्यावर तांडे गेले, तुमच्यासारखी भटकी मंडळी तेवढी येतात. तरी आजही गावात कड्याशी उभं राहायची पाळी लागते. आजही सांबरटेकला कुणा पाहुण्यानं कुणाचं नाव चुकवलं, तर आम्ही हसत नाही, पुन्हा म्हणायला लावत नाही.

धुकं काही उतरत नाही आज. तुम्हाला अंधाराच्या आत खारशेत गाठायचं असेल, तर निघा. कड्याशी माझी सून उभी आहे. जाईबाई तिचं नाव, पण आज त्या नावानं हाक मारू नका. बाकी जे जमेल ते म्हणा. ती ओ देईल.