सगळ्यांच्या वतीनं पास्कू

वसईकडल्या एका गावात एक भोळा वेदीसेवक होता. नाव पास्कू. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरच्या हाताखाली राबायचं, घंटी वाजवायची, धूप घालायचा. देवानं त्याला बुद्धी सोडून सगळं दिलं होतं.

गावात देव एकच, पण भांडण दोन मिस्सांचं. म्हाताऱ्यांना जुनी लातीन मिस्सा हवी. एक अक्षर कळत नाही, म्हणूनच ती पवित्र. तरण्यांना नवी मराठी मिस्सा हवी, गिटारसकट. सगळं कळतं, म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. या भांडणात पास्कूचं इनेसशी ठरलेलं लग्न अडकलं. इनेसचा आजा जुरान म्हणे, जुनी रीत नसेल तर नात देणार नाही. तिचे भाऊ म्हणत, नवी नसेल तर बहीण देणार नाही. इनेसचं काय म्हणणं, हे विचारायची रीत दोन्हीकडे नव्हती.

पास्कू फादर आंतोनकडे गेला. फादर म्हणाले, "आधी दोन्ही रीती शीक. जुन्या रीतीत लोक गप्प बसतात. सगळ्यांच्या वतीनं तू एकट्यानं उत्तर द्यायचं."

"बरं फादर."

शनिवारी लोक पापं कबूल करायला रांगेत उभे होते. फादरनं आतून विचारलं, "काय पाप केलंस, बाळा?" पास्कू पुढे झाला आणि सगळ्यांच्या वतीनं अख्ख्या रांगेची पापं खणखणीत आवाजात सांगून मोकळा झाला. एकही चुकलं नाही, हीच पंचाईत.

फादरनं कपाळाला हात लावला. "अरे शुंभा, असं एकट्यानं बोलू नये. नव्या रीतीत बघ, सेवकानं हात वर केला की सगळे एका सुरात उत्तर देतात."

"बरं फादर."

पुढल्या आठवड्यात म्हातारा बस्त्याव वारला. फादरनं त्याच्या बायकोला हळूच विचारलं, "रेजिनबाय, पेटीचं झाकण लावू का?" पास्कूनं हात वर केला. सगळे एका सुरात ओरडले, "लावा!" रेजिनबायनं अजून नवऱ्याचं तोंड शेवटचं पाहिलंही नव्हतं.

"अरे गाढवा," फादर म्हणाले, "आता तुझ्या लग्नात तरी डोकं चालव. आजा आणि भाऊ दोघंही राजी झालेत. पहिला प्रश्न नव्या रीतीनं, दुसरा जुन्या. ध्यानात राहील?"

"बरं फादर."

लग्नाला एकीकडे म्हातारे बसले, दुसरीकडे तरणे. कोण आधी उठून जातो, याचीच सगळ्यांना धाकधूक. फादरनं पहिला प्रश्न केला, "पास्कू, इनेसचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

नवी रीत. पास्कूनं वळून हात वर केला. अख्खं चर्च दणाणलं, "करतो!" त्यात जुरान आजाचाही आवाज होता.

फादरनं घाईघाईनं दुसरा प्रश्न केला, "इनेस, पास्कूचा पती म्हणून स्वीकार करतेस का?"

तिला कोणी काही विचारायची ही पहिलीच वेळ. इनेसनं तोंड उघडलं. पण ही जुनी रीत. पास्कूनं तिला गप्प केलं आणि तिच्या वतीनं एकट्यानं सांगितलं, "करतो."

आजा खूश, भाऊ खूश. दोघांचीही रीत पाळली गेली. गावाचं लग्न इनेसशी लागलं आणि पास्कूचं पास्कूशी.

इनेसनं हातातली फुलं पास्कूच्या हातात दिली.

"दोघंही सुखानं नांदा," ती म्हणाली आणि घरी गेली.